लेंटमधली घरोघरची प्रार्थना, वरच्या मजल्यावरच्या काकू आणि बीजगणिताची चिठ्ठी

जुईनगरकर | १० मार्च २०२५, रात्री ११:०५

सर्वांना सलाम.

आमची मराठी मंडळी, म्हणजे चर्च, लहान आहे. स्वतःची इमारत नाही. रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ एका शाळेचा हॉल आमचा, आणि सव्वानऊलाच तेलुगू मंडळी दाराबाहेर पेट्या-कीबोर्ड घेऊन उभी. आशीर्वाद संपायच्या आत खुर्च्या वळवायला सुरुवात होते. त्यामुळे आमचं खरं एकत्र बसणं होतं ते लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात. राखेच्या बुधवारपासून रविवार सोडून चाळीस दिवस, रोज संध्याकाळी साडेसातला एका घरी. पेटी, ढोलकी, दोन गीतं, वाचन, दहा मिनिटं बोलणं, मग विनंत्या. विनंत्यांसाठी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. तो फिरतो, ज्याला हवं तो चिठ्ठी टाकतो, पाळक (आमचे धर्मगुरू) वाचतात, सगळे मिळून प्रार्थना करतात. चिटणीस म्हणून डबा माझ्याकडे असतो.

शनिवारी प्रार्थना आमच्या घरी होती. चपलांच्या ढिगामुळे दार लागत नव्हतं, म्हणून उघडंच. दुसरं गीत चालू असताना चौथ्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या. ढोलकीची तक्रार करायलाच आल्या होत्या, हे नंतर त्यांनीच सांगितलं. पण दारात उभ्या राहिल्या तर आमच्या महिला मंडळातल्या एकीने सवयीने सरकून जागा केली आणि काकू बसल्या. डबा त्यांच्यापाशी आला तेव्हा विचारलं, हे काय? सांगितलं. माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि लिहिलं: 'मुलाचे गणित. बीजगणित कठीण गेले आहे. भूमिती बरी.'

आमच्या पाळकबाईंनी ती चिठ्ठी बाकीच्या चिठ्ठ्यांसारखीच वाचली, मुलाचं नाव घेऊन. सगळे आमेन म्हणाले. काकूही म्हणाल्या, जरा मागाहून.

सगळे पांगल्यावर आमच्या एका ज्येष्ठ पंचांनी, म्हणजे मंडळीच्या कमिटीतल्या काकांनी, मला जिन्यात गाठलं. त्यांच्या दोन हरकती. पहिली, डबा मंडळीचा आहे, बिल्डिंगचा नाही. आज गणित, उद्या कोणी लॉटरीचा नंबर टाकेल. दुसरी, दहावीचे गणिताचे दोन्ही पेपर शुक्रवारपर्यंत देऊन झाले. झालेल्या पेपरसाठी देवाने आता काय करायचं?

पहिल्या हरकतीला माझ्याकडे उत्तर होतं, दुसरीला नव्हतं. तुमच्याकडे कसं करतात? आम्ही स्वतःला मोकळ्या विचारांचे म्हणवतो म्हणून जास्तच पंचाईत झाली आहे.

पत्रावळी | १० मार्च, ११:३२

झालेल्या पेपरसाठी प्रार्थना निरर्थक कशी? तपासायचा बाकी आहे ना. तपासनीसाच्या घरी त्या दिवशी सकाळी भांडण होऊ नये, एवढी विनंती पुरे.

टोमणेबहाद्दर | ११ मार्च, सकाळी ७:१०

चहासोबत काय होतं ते लिहिलेलं नाही. धागा अपूर्ण.

खाडीकाठची | ११ मार्च, ९:४८

मी ठाण्याची, ईस्ट इंडियन कॅथलिक, तलावपाळीजवळ लहानाची मोठी झाले. तुमच्या पंचांना एखाद्या बुधवारी माहीमच्या चर्चला न्या. तिथली नोव्हेना, म्हणजे विनंत्यांची प्रार्थना, १९४८ पासून दर बुधवारी चालू आहे आणि रांगेत निम्म्याहून जास्त माणसं ख्रिस्ती नसतात. कुंकू लावलेल्या, बुरखा घातलेल्या, ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात असलेल्या, सगळ्या. कोणी मेणबत्ती आणतं, कोणी मेणाचं घर, मेणाचं बाळ. विनंतीची पत्रं पडतात, आभाराचीही पडतात. माझी आई सांगायची, आभाराची पत्रं ऐकायला जास्त मजा यायची, कारण त्यात पूर्ण गोष्ट असायची. नोकरी लागली, मूल झालं, दिराची दारू सुटली.

म्हणजे मुंबईला हे नवीन नाही. तुम्ही प्रॉटेस्टंट लोक जरा उशिरा जागे झालात एवढंच. हलकेच घ्या.

नगरी_नग | ११ मार्च, दुपारी १:१५

आमचं मूळ नगर जिल्ह्यातलं. अमेरिकन मराठी मिशन १८१३ला मुंबईत उतरलं आणि १८३१ला नगरला गेलं, त्या परंपरेतले आम्ही. आमच्याकडे छापील प्रार्थना म्हणजे तयार चपाती. प्रार्थना उभ्याने, डोळे मिटून, मनातली. माझे आजोबा प्रार्थनेला उभे राहिले की आजी तवा उतरवून ठेवायची, कारण वीस मिनिटं खात्री. १९७०मध्ये नागपूरला उत्तर भारतातल्या सहा मंडळ्या एक झाल्या तेव्हा अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले) आणि आम्ही एका बाकावर आलो. त्यांना पुस्तकाशिवाय प्रार्थना सुचेना, आम्हाला पुस्तक हातात धरवेना. ते भांडण आमच्या मंडळीत अजून शांतपणे चालू आहे.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. जुईनगरकर, बाहेरच्यांची चिठ्ठी घ्यावी की नाही हा सोपा प्रश्न झाला. आतल्यांची मोठ्याने वाचावी का, ते आधी ठरवा.

माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न जमत नव्हतं. पाच वर्षं दर लेंटला, दर घरी तिचं नाव घेतलं जायचं. प्रेमानेच, पण नाव घेतलं की पन्नास डोळे मिटायचे आणि त्यातले दहा अर्धवट उघडून तिच्याकडे बघायचे. एकदा एका बाईंनी प्रार्थनेतच देवाला सांगितलं की हिचा स्वभाव थोडा नरम कर. देवाला सांगितलं की तिला सांगितलं? सहाव्या वर्षी ताई घरच्या प्रार्थनेला यायची बंद झाली. रविवारी यायची, मागच्या खुर्चीवर बसून आशीर्वादाआधी निघायची. आज ती एकटी, मजेत, वाशीत स्वतःच्या घरात आहे आणि तिचं घर चाळीसच्या यादीत नाही.

मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यासाठी केलेली, प्रार्थना ही आमच्याकडे कित्येकदा ठळक बातम्यांसारखी असते. सुरुवात देवाच्या नावाने आणि शेवट आमेनने, म्हणून कोणी चुगली म्हणत नाही.

माऊली_मावशी | ११ मार्च, २:०२

नगरी_नग, +१००. मला गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा ते माझ्या सासरच्यांच्याही आधी चर्चच्या व्हॉट्सअॅप ग्रुपला कळलं होतं. वर हात जोडलेल्या इमोजींची रांग.

शंकासुर | ११ मार्च, ४:४०

मी निरीश्वरवादी असल्याने खुंटी ठोकून जातो. २००६ साली अमेरिकेत मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा रुग्णालयं, हृदयाची बायपास झालेले १८०२ रुग्ण. तीन गट. पहिल्यासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही, पण आपण कोणत्या गटात हे दोघांनाही माहीत नव्हतं. तिसऱ्याला सांगितलं की तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे. गुंतागुंत किती जणांना झाली? पहिल्यात ५२ टक्के, दुसऱ्यात ५१, आणि ज्यांना पक्कं सांगितलं होतं त्या तिसऱ्यात ५९.

तेव्हा काकूंच्या मुलाला कृपया कळवू नका.

घंटानाद | ११ मार्च, ५:२५

शंकासुर, मी चौतीस वर्षं परिचारिका होते, त्यातली अकरा हृदयविभागात. मला त्या ५९चं अजिबात नवल वाटत नाही. ऑपरेशनच्या आदल्या रात्री माणसाला सांगा, 'काळजी करू नका, तुमच्यासाठी अनोळखी लोक प्रार्थना करताहेत.' तो पहिल्यांदा काय विचार करेल? 'एवढं गंभीर आहे?' मी रुग्णाला कधी 'तुमच्यासाठी प्रार्थना करते' म्हणाले नाही. त्याची उशी सरळ करताना मनात करायची.

पण एक सांगते. त्या अभ्यासात प्रार्थना करणाऱ्यांचं काय झालं, हे कोणी मोजलं नाही. रात्रपाळीत त्या चार ओळींमुळे मी सहाव्या रुग्णाशीही पहिल्यासारखीच बोलू शकायचे. माझ्यापुरता हिशोब तिथे पूर्ण होतो. पेपर देऊन झाला असेल तर असू दे. ती आई निकालापर्यंत झोपणार नव्हती, निदान शनिवारी झोपली असेल.

शंकासुर | ११ मार्च, ५:५१

यावर वाद घालणार नाही. मुळात उशी सरळ करणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

टोमणेबहाद्दर | ११ मार्च, ६:०५

चहासोबत काय होतं?

जुईनगरकर | ११ मार्च, रात्री १०:२०

बटाटेवडे. झालं समाधान?

खरं तर हाच आमचा वार्षिक वादाचा विषय. राखेच्या बुधवारी ठरतं की चहा आणि एकच पदार्थ, कारण लेंट म्हणजे उपवासकाळ. पहिल्या आठवड्यात पोहे. दुसऱ्यात पोह्यांवर शेव, ओलं खोबरं. तिसऱ्यात कोणीतरी 'मुलं आली होती म्हणून' केक करतं. पाचव्या आठवड्यात बिर्याणी होते आणि ज्यांच्याकडे पहिल्या आठवड्यात पोहे झाले ते मनात कुढत बसतात. पाळकबाईंनी यंदा सांगून टाकलंय की दुसरी प्लेट दिसली तर त्या प्रार्थना लांबवतील.

खाडीकाठची | १२ मार्च, ८:३०

आमच्याकडे शुक्रवारी मांस नाही, पण मासळी चालते. त्यामुळे लेंटमधले शुक्रवार म्हणजे सुरमईचे शुक्रवार. त्यागाची ही व्याख्या कोळीवाड्याजवळ राहणाऱ्या कोणीतरी केली असावी.

सावध_ऐका | १२ मार्च, ११:१०

मजा चालली आहे, पण एक गंभीर गोष्ट. हल्लीचे दिवस बघता हिंदू मुलाचं नाव घरगुती प्रार्थनेत घेणं, त्याच्या आईकडून चिठ्ठी लिहून घेणं, याचा कोणी वेगळा अर्थ लावला तर? मोबाइलवर वीस सेकंदांचं चित्रण पुरतं. तुम्ही मोकळे असाल, बाहेरचा माणूस असेलच असं नाही. पंच घाबरले असतील तर मी त्यांना दोष देणार नाही.

सानपाड्याची_सून | १२ मार्च, १२:४५

मी बाहेरचीच. आमच्या मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब आहे, त्यांच्याकडे दर लेंटला मी जाते. सासूबाईंना सांगून जाते. मला ती गीतं आवडतात, निम्म्या चाली तर आपल्या भजनांच्याच आहेत. आणि आमच्या गणपतीत ते सगळे आरतीला येतात, मोदक घेतात, टाळ वाजवतात. त्यांच्या काकांचा टाळ दरवर्षी चुकतो, तरी देतो. आरतीला उभं राहिलं म्हणून त्यांना कोणी विचारलं नाही की तुम्ही आता काय झालात?

सावध_ऐका यांची भीती खोटी नाही. पण तिच्यावर उपाय दार बंद करणं आहे का? बंद दाराआड काय चालतं, याच्याच कहाण्या जास्त होतात. उघड्या दारातून वडे दिसतात.

पत्रावळी | १२ मार्च, १२:५८

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं.

जुना_खांब | १२ मार्च, ३:३०

मी साधारण त्या पंचांच्या वयाचा आणि त्यांच्याच मताचा, म्हणून लिहितो. 'मोकळे' या शब्दाने मला हल्ली धडकी भरते. आधी बाईंना पाळक केलं. मग प्रभुभोजन (उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस) कोणालाही. आता चिठ्ठ्या कोणाच्याही. मंडळी म्हणजे काही कुंपण असतं की नाही? माझ्या बाप्तिस्म्यासाठी माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवरून हाकललं होतं. त्या कुंपणाची किंमत आम्ही मोजली आहे. ज्यांनी मोजली नाही त्यांना ते सहज काढता येतं.

माऊली_मावशी | १२ मार्च, ४:०५

काका, विहिरीवरून हाकललं होतं ना? मग आपल्या डब्यावरून कोणाला हाकलायचं नाही, हे तुम्हाला आमच्यापेक्षा लवकर सुचायला हवं. रागावू नका.

बाई पाळकांबद्दल: दक्षिणेकडच्या मंडळीत (चर्च ऑफ साउथ इंडियात) २०१३ साली एक बाई बिशप झाल्या. आपल्याकडेही बायकांना पाळकपदाची दीक्षा मिळतेय. आकाश पडलेलं नाही.

जुना_खांब | १२ मार्च, ४:४०

रागावलो नाही. मावशी, विचार करतो.

दरबारी | १२ मार्च, रात्री ९:१५

जुना_खांब यांच्या कुंपणावरून आठवलं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, १९१७ साली, साताऱ्यात दरबार सुरू केला. कल्पना अशी की ख्रिस्ताला मानणारे, मग बाप्तिस्मा घेतलेले असोत वा नसोत, सगळे एका मंडळात बसतील. मिशनची बांधलेली नोकरी त्यांनी सोडली होती. मिशनऱ्यांना ते पटणं कठीण गेलं, आपल्या लोकांनाही. १९१९च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबार फार चालला नाही.

म्हणजे शंभर वर्षांपूर्वी एका मराठी कवीने हे मोठ्या प्रमाणावर करून पाहिलं होतं. आपण एका पत्र्याच्या डब्यावर अडलोय. आणि सानपाड्याची_सून म्हणते तसं चाली आपल्याच आहेत, कारण टिळकांनी अभंग, ओवी, कीर्तन हेच हत्यार उचललं. आधीची भाषांतरित गीतं इंग्रजी चालीत म्हणताना मराठी जीभ अडखळायची.

घंटानाद | १३ मार्च, सकाळी ६:४०

आणखी एक. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. दरवर्षी एका देशातल्या बायका उपासना लिहितात आणि जगभरच्या बायका ती वापरतात. गेल्या वर्षी पॅलेस्टाईन, यंदा कुक बेटं. आमच्या महिला मंडळाने नकाशावर कुक बेटं शोधली, कोणाला सापडेनात, शेवटी माझ्या नातवाने पॅसिफिकमध्ये चार ठिपके दाखवले. आम्ही त्या ठिपक्यांसाठी दीड तास प्रार्थना केली.

जुईनगरकर, ती तारीख होती ७ मार्च. तुमच्याकडेही झाली असेल. ७ तारखेला कुक बेटं चालली आणि ८ तारखेला चौथा मजला चालला नाही, असं कसं?

जुईनगरकर | १३ मार्च, ८:१५

घंटानाद ताई, झाली होती. आणि तुमच्या त्या पॅसिफिकच्या ठिपक्यांसाठी प्रार्थना याच पंचांनी केली होती, बारा मिनिटं. तुमचा प्रतिसाद छापून घेतोय.

पंचांगी | १३ मार्च, ११:००

अवांतर. ईस्टर दरवर्षी का हलतो, असं मला ऑफिसात विचारतात म्हणून इथे लिहून ठेवतो. ३२५ साली निकिया इथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेत ठरलं की सगळ्यांनी तो एकाच रविवारी पाळायचा. आकडेमोड पुढे बसत गेली. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा रविवार. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्येच येतो. यंदा गंमत अशी की चर्चच्या गणिताने ती पौर्णिमा १३ एप्रिलला, म्हणजे रविवारीच पडते. पौर्णिमाच रविवारी असेल तर पुढचा रविवार धरायचा, म्हणून २० एप्रिल. आपला हनुमान जन्मोत्सव १२ला, म्हणजे दोन्हीकडचा चंद्र एकच. यंदा पूर्वेकडच्या (ऑर्थोडॉक्स) मंडळ्यांचा ईस्टरही २०लाच. गेल्या वर्षी आपला ३१ मार्चला आणि त्यांचा ५ मेला होता.

थोडक्यात, ईस्टर हा चांद्रमासाला चिकटलेला सण आहे. पाडव्याला गाठी खाणाऱ्यांनी तरी 'यांचे सण इंग्रजी तारखेने' म्हणू नये.

टोमणेबहाद्दर | १३ मार्च, ११:२०

यंदा पाडवा ३० मार्चला, रविवारी. लगेच ३१ला ईद. जुईनगरकरांच्या बिल्डिंगमध्ये त्या आठवड्यात स्वयंपाक कोण करणार?

खाडीकाठची | १३ मार्च, १२:१०

अवांतरात अवांतर: ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चला यंदा दोनशे वर्षं होतात. १८२५ साली इंग्रज बिशप हेबर येऊन ते देवाला अर्पण करून गेले होते. साहेबांसाठी बांधलेलं. त्या बाकांवर पुढे कोण बसणार आहे, हे हेबर साहेबांना कोणी सांगितलं असतं तर? जुना_खांब काका, कुंपणं अशी हळूहळू सरकतात.

सावध_ऐका | १३ मार्च, ३:००

धागा ईस्टरच्या चंद्रावर गेला. मूळ प्रश्नाचं काय झालं?

जुईनगरकर | ४ एप्रिल, रात्री ११:४०

उशिराबद्दल क्षमस्व, रोज संध्याकाळी एक घर म्हणजे काय ते आठवा.

पुढच्याच आठवड्यात डब्यात बिल्डिंगमधून अकरा चिठ्ठ्या आल्या. काकूंनी सांगितलं असणार. एक गुडघेदुखीची, एक गल्फमधल्या जावयाची, एक 'लिफ्ट नीट व्हावी'. लिफ्टची पाळकबाईंनी वाचली आणि म्हणाल्या, ही सोसायटीच्या सेक्रेटरींकडे पाठवा, देवाने ती त्यांच्याकडेच सोपवली आहे.

कमिटीची सभा झाली. मी नगरी_नग यांच्या ताईंची गोष्ट नाव न घेता सांगितली. सभेत बराच वेळ कोणी बोललं नाही. नंतर लक्षात आलं की बाहेरच्यांच्या चिठ्ठ्यांबद्दल बोलायला जमलेलो आम्ही आपापल्या घरच्या चिठ्ठ्यांबद्दल बोलतोय. एका तरुण मुलाने सांगितलं की त्याच्या आईने त्याच्या नोकरीबद्दल तीन घरी प्रार्थना करवून घेतल्या, तेव्हा तो प्रत्येक घरी बाथरूममध्ये जाऊन बसला होता. सगळे हसले, आणि त्याची आई सगळ्यात शेवटी हसली.

ठरलं ते असं. चिठ्ठीच्या वर लिहिणाऱ्याने एक शब्द लिहायचा: 'मोठ्याने' किंवा 'मनात'. 'मनात' असेल तर पाळक ती उघडत नाहीत. डब्यावर हात ठेवतात आणि सगळे दोन मिनिटं गप्प बसतात. दुसऱ्यासाठी लिहिताना त्याला विचारून लिहायचं. चिठ्ठी कोणाची, हे विचारायचं नाही. मत घेतलं, ज्येष्ठ पंचांनी विरोधात हात वर केला, मग म्हणाले, 'पण नियम झाला तर पाळीन.' ते तसेच आहेत.

ती दोन मिनिटं मला सुरुवातीला जड गेली. मराठी घरात दोन मिनिटं शांतता म्हणजे कोणीतरी गेलं. आता पंखा ऐकू येतो, कुकरची शिट्टी, खालचा रिक्षावाला. पहिल्या आठवड्यात चाळीस चिठ्ठ्यांत चार 'मनात' होत्या. या आठवड्यात निम्म्याहून जास्त.

नगरी_नग | ५ एप्रिल, ७:५०

ताईला तुमचा प्रतिसाद पाठवला. तिचं उत्तर: 'वीस वर्षं उशीर, पण ठीक.' आणि मग अर्ध्या तासाने: 'झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीचा रविवार) उपासना किती वाजता असते रे?'

जास्त अर्थ काढू नये, असं मीच मला सांगतोय.

जुना_खांब | ५ एप्रिल, ९:००

'मनात' हा नियम मला पटला. बाकीचं अजून पचवतोय.

जुईनगरकर | २० एप्रिल, सकाळी १०:१०

ख्रिस्त उठला आहे!

झावळ्यांच्या रविवारी गंमत झाली. दरवर्षी झावळ्या एका ओळखीच्या वाडीतून येतात, यंदा त्यांनी आयत्या वेळी नाही म्हटलं. काकूंच्या माहेरची माणसं आगरी, उरणकडची. शनिवारी रात्री एका टेम्पोतून एवढ्या झावळ्या आल्या की मिरवणुकीनंतर उरलेल्या झावळ्यांचे बिल्डिंगमधल्या मावशींनी खराटे केले.

शुभ शुक्रवारी (गुड फ्रायडे) बारा ते तीन, ख्रिस्ताचे वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते, पांढरे कपडे, शाळेच्या हॉलचे चार पंखे त्यातले दोन चालू. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्यांनी ते तीन तास केलेत त्यांना माहीत आहे. चौथा उद्गार पाळकबाईंनी घेतला आणि बोलायच्या ऐवजी बराच वेळ गप्प राहिल्या.

आणि आज पहाटेची उपासना आमच्या गच्चीवर. सोसायटीची परवानगी लागते, सहाच्या आधी ध्वनिवर्धक नाही, म्हणून ढोलकीसुद्धा खालीच ठेवली. नुसत्या आवाजात गायलो. सव्वासहाच्या सुमारास पारसिकच्या डोंगरामागून उजाडायला लागलं आणि खाडीच्या बाजूला रोहित पक्ष्यांचा एक थवा वळला. दूर होता, गुलाबी वगैरे काही दिसलं नाही, राखाडी रेघ दिसली. काही मंडळी तेवढ्यावर 'हालेलूया' म्हणाली, मी म्हणालो नाही. मला खुर्च्या मोजायच्या होत्या. बेचाळीस मांडल्या होत्या, एकोणसाठ माणसं.

गच्चीच्या परवानगीच्या कागदावर पहिली सही कोणाची होती, ते वेगळं सांगत नाही.

घंटानाद | २० एप्रिल, १०:३०

खरोखर उठला आहे. वडे होते ना?

जुईनगरकर | २० एप्रिल, १०:४४

उपवास संपला ताई. मटण.

सानपाड्याची_सून | २० एप्रिल, १२:२०

ईस्टरच्या शुभेच्छा सगळ्यांना. आमच्या शेजारच्यांनी अंडी रंगवून पाठवली आहेत. सासूबाई विचारतायत, ही फोडायची की ठेवायची?

शंकासुर | १३ मे, दुपारी १:३०

दहावीचा निकाल लागला. शास्त्रीय कुतूहल म्हणून विचारतो.

जुईनगरकर | १३ मे, रात्री ९:५५

एक वाजल्यापासून मला आलेला पहिला फोन काकूंचा नव्हता, आमच्या ज्येष्ठ पंचांचा होता. 'त्या पोराला गणितात किती?' मी म्हटलं, काका, तुमच्या मते तर पेपर आधीच देऊन झाला होता. म्हणाले, 'ते राहू दे. किती?'

त्रेसष्ट. काकूंना पंचावन्नची अपेक्षा होती, मुलाला सत्तरची. शंकासुर, याचा निष्कर्ष तुम्हीच काढा, तीन गट नव्हते.

संध्याकाळी काकू पेढे घेऊन आल्या. डबा कपाटात ठेवून दिलाय, लेंट संपलं, हे त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पेढ्यांच्या खोक्याखालून चिठ्ठी काढून दिली. 'अकरावी प्रवेश. पहिली फेरी.' वर ठळक अक्षरांत: 'मोठ्याने'.

पत्रावळी | १३ मे, रात्री १०:०३

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाला चाळीस दिवस पुरायचे नाहीत. डबा काढा बाहेर.